प्रौढांमधील शंट शस्त्रक्रियेच्या विरळ गुंतागुंती

प्रौढांमधील शंट शस्त्रक्रियेच्या विरळ गुंतागुंती म्हणजे जलशीर्ष या विकारावरील उपाय म्हणून प्रौढ रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या निचरा-नळीमुळे क्वचित उद्भवणारे, परंतु वेळीच न ओळखल्यास जिवावर बेतू शकणारे विकार होत. मेंदूतील पोकळ्यांत साठलेला द्रव शरीराच्या अन्य भागात वाहून नेणाऱ्या नळीस शंट म्हणतात. नळी चोंदणे, तिला जंतुसंसर्ग होणे आणि निचरा प्रमाणाबाहेर होणे या नेहमीच्या तीन गुंतागुंती असून त्या मेंदुशल्यविशारदांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. आतड्यात शिरलेली नळी, हृदयाकडे ओढली गेलेली नळी, मूत्रपिंडाचा दाह, कंपवातासारखी लक्षणे, मानेतील मज्जारज्जूवर येणारा दाब हे प्रकार त्यामानाने फार थोड्या रुग्णांत आढळतात. त्यांची लक्षणे पुष्कळदा डोक्यापासून दूर दिसतात. रुग्ण पोटाच्या, छातीच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जातो आणि वर्षानुवर्षे शांतपणे काम करीत असलेल्या नळीची आठवण कोणालाच होत नाही. या विकारांतील धोका पुष्कळ अंशी या विसरण्यातच आहे.

पार्श्वभूमी

मेंदू व मज्जारज्जू यांच्या सभोवती आणि मेंदूच्या आतील चार पोकळ्यांत एक नितळ द्रव असतो. त्यास मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात मात्र सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो. म्हणजे चोवीस तासांत तो तीनाहून अधिक वेळा बदलला जातो. द्रवाच्या वाटेत अडथळा आला किंवा त्याचे रक्तात शोषण होईनासे झाले की पोकळ्या फुगतात. यालाच जलशीर्ष किंवा हायड्रोसेफॅलस म्हणतात. बोलीभाषेत ‘डोक्यात पाणी झाले’ असे म्हटले जाते. या शब्दप्रयोगामुळे हे पाणी रोगाने निर्माण केलेले आहे असा समज होतो. वास्तविक ते सर्वांच्याच डोक्यात असते, काहींच्या डोक्यात ते तुंबते.

अर्भकाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्यामुळे त्याचे डोके मोठे होऊ लागते आणि विकार डोळ्यांना दिसतो. प्रौढाची कवटी बंद असते. तिच्यात द्रव वाढला की दाब वाढतो आणि डोकेदुखी, उलटी, दृष्टिदोष, गुंगी अशी लक्षणे उद्भवतात. मेंदूच्या आवरणांखाली झालेला रक्तस्राव, डोक्याला झालेली इजा, गाठी, तिसऱ्या व चौथ्या पोकळीस जोडणारा अरुंद मार्ग बंद होणे ही प्रौढांतील काही प्रमुख कारणे होत. भारतात क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह हे एक मोठे कारण आहे. अशा रुग्णांची स्थिती ठरविण्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी १९९१ साली मांडलेली प्रतवारी आजही वापरली जाते. उतारवयात एक निराळाच प्रकार आढळतो. त्यात द्रवाचा मोजलेला दाब साधारण असतो, तरी पोकळ्या फुगलेल्या असतात. चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही आणि स्मृती मंदावते. कोलंबियातील सॉलोमन हकीम व अमेरिकेतील रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९६५ साली या प्रकाराकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले. म्हातारपण म्हणून सोडून दिलेली ही लक्षणे काही रुग्णांत शंटमुळे सुधारतात, म्हणून प्रौढांतील शंट शस्त्रक्रियांत या प्रकाराचा वाटा मोठा आहे.

नळीची रचना व इतिहास

शंटचे तीन भाग असतात. एक बारीक नळी मेंदूतील पोकळीत असते, तिला जोडलेली झडप कानामागे किंवा डोक्याच्या कातडीखाली असते आणि झडपेपासून निघालेली लांब नळी कातडीखालून मान व छाती ओलांडून उदरपोकळीत सोडलेली असते. उदरपोकळीचे आवरण द्रव शोषून घेते. उदरमार्ग योग्य नसेल तेव्हा नळी मानेतील शिरेवाटे हृदयाच्या उजव्या कर्णिकेपर्यंत नेतात, किंवा फुप्फुसाच्या आवरणात सोडतात. काही रुग्णांत मेंदूला हात न लावता कंबरेतील मणक्यांतून उदरपोकळीत नळी घातली जाते.

झडप असलेली शंट फ्रँक नल्सन व यूजीन स्पिट्झ यांनी १९४९ साली प्रथम बसविली. पुढे अमेरिकेतील जॉन होल्टर या तंत्रज्ञाने आपल्या आजारी मुलासाठी सिलिकोनची झडप तयार केली. १९६० साली न्यूयॉर्कमधील अपघातात इंग्रजी बालसाहित्यिक रोआल्ड डाल यांचा मुलगा जखमी झाला व त्याची नळी वारंवार चोंदू लागली. तेव्हा डाल यांनी जलशक्ती अभियंता स्टॅन्ली वेड व शल्यविशारद केनेथ टिल यांच्यासह नवी झडप घडविली. या उपकरणाच्या इतिहासात डॉक्टरांच्या बरोबरीने दोन बापांची नावे आहेत, ही गोष्ट सहसा पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येत नाही. भारतात उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारी छाब्रा शंट मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील मुलांत तिची तुलना कितीतरी महाग अशा परदेशी शंटशी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या परिणामांत दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.

आतड्यात शिरणारी नळी

उदरपोकळीतील नळीचे टोक आतड्याच्या भिंतीला छिद्र पाडून आत शिरण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. या प्रकाराची नोंद १९६६ साली विल्सन व बर्टान यांनी केली. नळी मऊ असते, तरी तिचे टोक महिनोन्‌महिने एकाच जागी घासत राहिले किंवा नळीभोवती तंतुमय आवरण तयार होऊन ती आतड्याला चिकटली, तर भिंत हळूहळू झिजते. पूर्वी वापरल्या जाणाऱ्या, तारेचे वेटोळे असलेल्या ताठ नळ्यांत हा धोका अधिक होता.

चमत्कारिक बाब अशी की आतड्याला छिद्र पडूनही यांपैकी पुष्कळ रुग्णांचे पोट दुखत नाही. नळीभोवती तयार झालेले आवरण छिद्र बुजवून टाकते, त्यामुळे आतड्यातील मळ उदरपोकळीत सांडत नाही. काही रुग्णांत पहिले लक्षण म्हणजे शौचाच्या वेळी गुदद्वारातून बाहेर आलेली नळी. क्वचित ती तोंडावाटे, योनिमार्गे, मूत्रमार्गे किंवा बेंबीतून बाहेर आल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. इतर रुग्णांत नळी दिसतच नाही. ताप येतो, मान ताठ होते आणि पाठीच्या किंवा शंटमधील पाण्याच्या तपासणीत आतड्यातील जंतू, बहुधा ई. कोलाय, सापडतात. शंट असलेल्या रुग्णाला आतड्यातील जंतूंमुळे मस्तिष्कावरणदाह झाला असेल, तर पोटाची तक्रार नसली तरी आतड्याला छिद्र पडले असावे असे समजूनच तपास केला जातो.

अशा वेळी घरच्यांनी काय करू नये हे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. बाहेर आलेली नळी ओढून काढू नये व आत ढकलू नये. ओढल्यास ती मध्येच तुटून उरलेला भाग आत राहू शकतो. ढकलल्यास मळाने दूषित झालेला भाग वर जातो. टोक स्वच्छ, शक्यतो निर्जंतुक कापडाने झाकून रुग्णास त्वरित मेंदुशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे एवढेच घरी करण्यासारखे आहे. रुग्णालयात नळी पोटाच्या वरच्या भागी कापून वेगळी करतात आणि दूषित भाग ज्या दिशेने बाहेर आला आहे त्याच दिशेने काढून घेतात, जेणेकरून जंतू डोक्याकडे जाणार नाहीत. पोटात दाह किंवा गळू नसेल तर छिद्र बहुधा आपोआप बुजते व पोट उघडावे लागत नाही. मधल्या काळात मेंदूतील द्रव बाहेरच्या पिशवीत सोडला जातो, प्रतिजैविके दिली जातात आणि द्रव जंतुरहित झाल्याची खात्री पटल्यावरच नवी शंट बसवितात.

उदरातील इतर विकार

नळीच्या टोकाभोवती आवरण तयार होऊन त्यात द्रव साठला की पोटात गाठीसारखा फुगा निर्माण होतो. त्याला खरे अस्तर नसल्यामुळे तो आभासी द्रवकोश म्हणून ओळखला जातो. १९५४ साली त्याची पहिली नोंद झाली. मंद स्वरूपाचा जंतुसंसर्ग किंवा पूर्वीच्या पोटाच्या शस्त्रक्रिया हे त्यामागील नेहमीचे कारण असते. प्रौढांत पोट फुगणे, दुखणे, भूक मंदावणे ही लक्षणे आधी दिसतात, डोकेदुखी मागाहून येते. सोनोग्राफीत तो सहज दिसतो. मात्र तपासणाऱ्यास पोटात नळी असल्याचे सांगितलेले नसेल तर ती साधी गाठ समजली जाण्याची शक्यता राहते.

उदरावरणाची शोषणशक्ती कमी पडल्यास संपूर्ण पोटात पाणी साठते. यकृताचा विकार समजून रुग्णाचे बरेच तपास होतात. गरोदरपणी वाढलेल्या गर्भाशयामुळे पोटातील दाब वाढून चांगली शंटही मंद चालू शकते. तीव्र बद्धकोष्ठतेनेही असे घडू शकते व पोट साफ झाल्यावर डोक्याची लक्षणे ओसरतात.

नळीचे स्थलांतर

नळी उदरपोकळीतून वर सरकून छातीच्या किंवा मानेच्या कातडीखाली गुंडाळली जाण्याचे प्रकार स्थूल व्यक्तींत विशेष आढळतात. बसता-उठता पोटाची जाड भिंत वर-खाली होते व नळी थोडी थोडी बाहेर खेचली जाते.

हृदयाकडे होणारे स्थलांतर याहून गंभीर असते. शस्त्रक्रियेच्या वेळी कातडीखालून मार्ग करणारे लांब उपकरण मानेतील एखाद्या शिरेला भेदून गेले, किंवा पुढे नळीच्या घर्षणाने शिरेची भिंत झिजली, तर नळी शिरेत प्रवेश करते. श्वासागणिक छातीत निर्माण होणारा ऋण दाब व हृदयाकडे वाहणारे रक्त तिला आत ओढत राहतात. पोटात असायला हवी ती नळी काही आठवड्यांत हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुस धमनीत पोहोचते. रुग्णाला धडधड, धाप किंवा छातीत दुखणे जाणवते, कधी काहीच जाणवत नाही. छातीच्या साध्या एक्स-रेत हृदयाच्या छायेवर वेटोळे घातलेली नळी दिसली की निदान होते. नळी काढण्यासाठी मेंदुशल्यविशारदाबरोबर हृदयरोगतज्ज्ञ किंवा शिरांतून उपचार करणारे तज्ज्ञ लागतात. गाठ बसलेली नळी जोराने ओढणे घातक ठरते.

नळी छातीच्या पोकळीत शिरल्यास फुप्फुसाभोवती द्रव साठून धाप लागते. कानामागे किंवा छातीवर नळीवरची कातडी झिजून ती उघडी पडणे हा प्रकार वृद्ध व कृश रुग्णांत दिसतो. तो वरकरणी किरकोळ वाटतो, तरी उघडी पडलेली नळी जंतुसंसर्ग झालेली आहे असेच धरून उपचार करतात.

शंटजन्य मूत्रपिंडदाह

हा विकार प्रामुख्याने हृदयाच्या कर्णिकेत सोडलेल्या नळीशी निगडित आहे. ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले. हकीम व अ‍ॅडम्स यांचे लेखनही त्याच वर्षीचे. त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जंतू नळीच्या आतील पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात. ते मोठा ताप आणत नाहीत. रक्तात मात्र त्यांचे अंश सतत मिसळत राहतात, त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि दोहोंची संयुगे मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत अडकून दाह निर्माण करतात.

शंट बसविल्यानंतर काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी रुग्णास अधूनमधून बारीक ताप येतो, थकवा जाणवतो, रक्त कमी होते, पायांवर सूज येते व लघवीतून रक्त आणि प्रथिने जातात. रक्तातील पूरक प्रथिनांची पातळी घटलेली आढळते. चित्र इतर अनेक मूत्रपिंडविकारांसारखे असल्यामुळे कधी रुग्णास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू केली जातात. नळीतील जंतुसंसर्ग कायम असता अशी औषधे अपायकारक ठरू शकतात. योग्य उपचार सरळ आहे. संपूर्ण शंट काढून टाकणे आणि पुरेसा काळ प्रतिजैविके देणे. केवळ प्रतिजैविकांनी नळीवरील थर नष्ट होत नाही. शंट लवकर काढल्यास मूत्रपिंडे बहुतांशी पूर्ववत होतात, विलंबाने कायमची निकामी होऊ शकतात. सर्व विरळ गुंतागुंतींत केवळ एका प्रश्नाने, ‘आपल्या शरीरात कोठे नळी बसविली आहे काय?’ या प्रश्नाने, निदानाची दिशा बदलते असे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

कर्णिकेतील नळीच्या टोकाशी रक्ताच्या गुठळ्या होऊन त्यांचे बारीक कण फुप्फुसांत जात राहिल्यास फुप्फुस धमनीतील दाब वाढतो. हा विकार वर्षानुवर्षे नकळत वाढतो आणि धाप लागेपर्यंत बरीच हानी झालेली असते. उदरमार्गास प्राधान्य मिळण्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

मध्यमेंदूचा विकार व कंपवातसदृश लक्षणे

तिसऱ्या व चौथ्या पोकळीमधील मार्ग जन्मतः किंवा पुढे अरुंद झालेल्या प्रौढांत, विशेषतः शंट वारंवार चोंदून पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली असेल तेव्हा, हा विकार आढळतो. प्रथम रुग्णाला नजर वर नेता येत नाही. मग हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चेहऱ्यावरील भाव नाहीसे होतात, बोलणे कमी कमी होत जाते. टोकाच्या अवस्थेत रुग्ण डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राहतो व काहीच बोलत नाही. मेंदूच्या वरील व खालील भागांतील दाबात पडणाऱ्या फरकामुळे मध्यमेंदूचा वरचा भाग ताणला जातो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

शंट दुरुस्त करून पोकळ्या लहान झाल्या तरी ही लक्षणे काही काळ तशीच राहू शकतात. नातेवाइकांना वाटते, शस्त्रक्रियेत मेंदूला इजा झाली. कधी रुग्णाला मानसिक आजार जडला असे समजले जाते. कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध यांतील अनेक रुग्णांना लागू पडते. काही रुग्णांत दुर्बिणीद्वारे तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून दिल्याने दाबातील फरक नाहीसा होतो.

दाबाचे विपर्यास

झडपेतून आवश्यकतेपेक्षा अधिक द्रव वाहू लागला की उभे राहिल्यावर वाढणारी व आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी सुरू होते. वृद्धांत मेंदू आकुंचित होऊन कवटीखालील शिरा ताणल्या जातात व त्यांतून रक्त साकळते. हे प्रकार तितकेसे विरळ नाहीत. मात्र कवटीतील द्रव घटला की ती जागा शिरांतील रक्त भरून काढते, आणि दीर्घकाळ अतिनिचरा होत राहिल्यास मानेतील मणक्यांच्या आतील शिरांचे जाळे इतके फुगते की मज्जारज्जूवर दाब येतो. हातपाय जड होणे, चाल अडखळणे, स्नायू ताठरणे ही लक्षणे मग मणक्यांच्या झिजेची समजली जातात. झडपेचा दाब वाढविल्यावर ती कमी होऊ शकतात.

याउलट काही रुग्णांत पोकळ्या फुगलेल्या असतात, शंट सुरू असते आणि द्रवाचा दाब मात्र अत्यंत कमी असतो. अशा वेळी नेहमीच्या दाबावर द्रव बाहेर येतच नाही. बाहेरची निचरा-पिशवी डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवून शून्याखालील दाबाने द्रव काढावा लागतो. काही ठिकाणी मानेभोवती लवचिक पट्टी हलकी गुंडाळून शिरांतील दाब किंचित वाढविण्याची पद्धतही वापरतात. हे उपचार अतिदक्षता विभागातच करण्याचे आहेत.

कवटीचा तुकडा काढलेल्या रुग्णास शंट बसविल्यास हाड नसलेल्या जागी कातडी खोल जाते व मेंदू आत ढकलला जातो. अशा रुग्णास झोपवून ठेवतात, शंट तात्पुरती बंद करतात आणि हाड शक्य तितक्या लवकर परत बसवितात. कवटीच्या तळाशी बारीक फट असल्यास अतिनिचऱ्यामुळे तिच्यातून हवा आत ओढली जाते. मेंदूतील घातक गाठीच्या पेशी नळीवाटे उदरपोकळीत पोहोचून तेथे वाढल्याची उदाहरणेही आहेत. ती फारच थोडी असल्यामुळे त्यांच्या भीतीने आवश्यक शंट टाळली जात नाही.

चुंबकाने बदलणारी झडप

शरीराबाहेरून चुंबकीय उपकरणाने दाब बदलता येणाऱ्या झडपा प्रौढांत अधिक प्रमाणात वापरल्या जातात. एमआरआय तपासणीत, आणि काही जुन्या रचनांत घरगुती चुंबक झडपेच्या अगदी जवळ आल्यानेही, ठरविलेला दाब बदलू शकतो. टॅब्लेटच्या आवरणातील व हेडफोनमधील चुंबक झडपेपासून काही सेंटिमीटर दूर असले की सहसा बाधा करीत नाहीत. एमआरआयनंतर मात्र झडपेचा आकडा तपासून घेणे आवश्यक असते. नव्या अनेक झडपांत दाब आपोआप बदलू नये अशी कळ असते.

निदानातील अडचणी

साध्या एक्स-रेंच्या मालिकेतून नळी तुटली, सुटली किंवा सरकली आहे काय ते कळते. सीटी स्कॅनमध्ये पोकळ्यांचा आकार दिसतो. पण येथे एक मोठी मेख आहे. अनेक वर्षे शंट असलेल्या काही रुग्णांच्या पोकळ्यांच्या भिंती ताठर होतात आणि नळी पूर्ण बंद पडली तरी त्या फुगत नाहीत. अहवालात ‘पोकळ्या वाढलेल्या नाहीत’ असे लिहिलेले असते आणि रुग्णाची शुद्ध हरपत जाते, दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून एकट्या स्कॅनपेक्षा रुग्णाची लक्षणे आणि जुन्या स्कॅनशी केलेली तुलना अधिक विश्वसनीय मानतात. आपल्याकडे स्कॅनच्या फिल्मा रुग्णाच्याच हाती दिल्या जातात. घर बदलताना किंवा माळा झाडताना त्या फेकून दिल्या जातात. प्रकृती उत्तम असतानाची निदान एक फिल्म जपून ठेवलेली असणे अतिशय मोलाचे ठरते.

बालपणी शंट बसविलेली अनेक मुले आता प्रौढ झाली आहेत. त्यांतील काहींना शस्त्रक्रिया कोठे झाली, झडप कोणती होती, नळी पोटात आहे की हृदयाजवळ, हे ठाऊक नसते. आईवडील सांगत तेवढीच माहिती असते व पुढे तीही राहत नाही. झडपेचे नाव, ठरविलेला दाब, नळीचा मार्ग आणि शस्त्रक्रियांची वर्षे एवढा तपशील लिहिलेले कार्ड पाकिटात असल्यास अनोळखी गावातील डॉक्टरांनाही तातडीने निर्णय घेता येतो. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास, ती अपेंडिक्सची असो वा प्रसूतीची, उदरपोकळीत शंटची नळी असल्याचे शल्यचिकित्सकास आधी सांगणे आवश्यक असते.